डोंगरावरची माणसं मोजताना

वऱ्हाडातली माणसं पहिल्यांदा पद्धतशीर मोजली गेली ती ७ नोव्हेंबर १८६७ रोजी. अखिल भारतीय जनगणनेचा पहिला प्रयत्न १८७२चा. वऱ्हाडाने हे काम पाच वर्षं आधीच उरकलं होतं. १८५३ साली निजामाने हा प्रांत कारभारासाठी इंग्रजांच्या हवाली केला होता आणि इंग्रजांचा जीव इथल्या कापसात अडकला होता. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, तिच्यावरची गावं, गावांतली घरं, घरांतली माणसं हे सगळं पाटील-पटवाऱ्यांकडून कागदावर उतरवून घेणं त्या मानाने सोपं होतं. गाव जागच्या जागी असे.

अडचण उत्तरेला होती. अचलपूरच्या पुढे गाविलगडाचे डोंगर चढून गेलं की मेळघाट लागतो, आणि तिथे माणसंच काय, गावंही एका जागी ठरत नव्हती.

नागपूरहून तिकडे जायचं तर वाडीच्या नाक्यावरची ट्रकांची गर्दी मागे टाकून अमरावती रोड धरायचा. अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून घाट. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. वाडी हेसुद्धा एके काळी शेतशिवारातलं खेडंच. शेजारी अंबाझरीचा आयुध कारखाना आला, महामार्गाच्या कडेने ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं उभी राहिली, लेआउटला लागून लेआउट पडले आणि ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. गाव वाढलं ते गावकऱ्यांनी ठरवून नव्हे. डोंगरातल्या गावांचंही बरंचसं बाहेरच ठरतं. फरक इतकाच की तिथे आकडा कधी चढेल आणि कधी एकदम शून्यावर येईल याचा नेम नाही. चिखलदऱ्याच्या पठारावरची दोन गावं जवळजवळ ठेवून पाहिली की हे लख्ख दिसतं. एक खुद्द चिखलदरा आणि दुसरं त्याच्यापासून थोड्याच अंतरावरचं वैराट.

या पठारावर बाहेरच्यांची नजर फार जुनी. गाविलगड आधी गवळ्यांचा मातीचा कोट होता अशी परंपरा आहे. १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहा वली याने तो दगडात बांधून काढला असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. पुढे वऱ्हाडात इमादशाही आली. तिचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरकडचा कानडी हिंदू, लढाईत पकडून आणलेला पोर. त्याने किल्ल्याची डागडुजी केली. म्हणूनच की काय, सातपुड्यातल्या या मुसलमानी किल्ल्याच्या दरवाजावर दक्षिणेतला दोन तोंडांचा गंडभेरुंड आणि हत्ती पकडलेले सिंह कोरलेले दिसतात. निजामशाही, मोगल, मग नागपूरकर भोसले अशा हातांतून किल्ला फिरत राहिला.

१८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली इथे आला. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दक्षिणेची बाजू सरळ कड्याची, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज डोंगराला मोठा वळसा घालून उत्तरेकडून लबाडा गावाच्या बाजूला नेण्यात आली. रस्ता नव्हताच. तोफा ओढायच्या आणि त्यांच्यापुढे रस्ताही स्वतःच फोडत जायचा, असे काही दिवस गेले. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला आणि दोनच दिवसांनी भोसल्यांनी देवगावचा तह केला. इंग्रजी वाचकांना ही लढाई बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीमुळे ठाऊक असते. नागपूरकरांना बहुतेक तेवढीही ठाऊक नसते. तहात किल्ला भोसल्यांकडे राहिला, नंतर १८२२ साली तो निजामाकडे गेला. १८५८ साली तात्या टोपे सातपुडा ओलांडून दक्षिणेत उतरेल आणि इथे ठाण मांडील, या धास्तीने इंग्रजांनी तट मोडून टाकला. चारशे वर्षं शिबंदी पोसणारी जागा ओस पडली.

तोवर शेजारी दुसरीच वस्ती रुजली होती. हैदराबाद कंटिन्जंटचा कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली चिखलदऱ्याला पोचला, असं सांगतात. ही फौज अचलपूरजवळ परतवाड्याच्या छावणीत असे. वऱ्हाडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला त्या गोऱ्या अधिकाऱ्यांची कड घेण्याची इच्छा नसली तरी त्यांची तगमग समजेल. अकराशे मीटरच्या वर थंड वारा, धुकं, पावसाळ्यात धबधबे. बंगले बांधले गेले, बागा झाल्या, कॉफी लावली गेली. ती कॉफी आजही आहे. गोऱ्या साहेबांच्या मागून खानसामे, माळी, दुकानदार, मिशनरी आले. खालच्या माणसांनी खालच्या माणसांसाठी वसवलेलं हे गाव टिकलं. राज्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांमध्ये आज त्याची गणना होते. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पाच हजारांच्या थोडीच पुढे होती; वाडीच्या हिशेबाने दोन-चार लेआउटांची वस्ती.

अर्थात हा झाला जनगणनेचा आकडा. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा गावात नक्की किती माणसं असतात, हे कुठेच नोंदलेलं नसतं. त्या दिवशी रबडी आणि खवा विकणाऱ्या गवळ्यांना उसंत नसते. आणि तोच पाऊस दऱ्यांतून वाहून गेला की एप्रिल-मेमध्ये आसपासच्या वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

डोंगरात मुळात राहणारे म्हणजे कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, त्या कुळाचं अगदी पश्चिमेचं टोक. संथाली, मुंडारी या तिच्या सख्ख्या बहिणी शेकडो कोस पूर्वेला झारखंडाकडे नांदतात. मधला एवढा मुलूख ओलांडून ही भाषा सातपुड्यात कशी उरली, हा भाषाशास्त्रज्ञांचा आवडता विषय. कोरकू गाव ओळखायला सोपं: रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, अंगणं सारवलेली. पण एकोणिसाव्या शतकात हे गाव कायमचं नसे. डोंगरउतारावरचा झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा आणि राखेत कुटकी-सावा पेरायचा. दोन-तीन वर्षांनी जमीन थकली की दुसरा उतार. साथ आली, लागोपाठ मरणं झाली, तरी गाव उठे. महसूल खात्याच्या वहीत मग नाव राही आणि पुढे शेरा पडे: बेचिराख.

हे फिरणं थांबवलं जंगलखात्याने. मेळघाटातली बैरागड आणि गुगामल ही जंगलं १८६६ साली राखीव झाली. सागवान मौल्यवान, रेल्वेला लाकूड हवं, आणि डोंगर पेटवून शेती करणारा माणूस हा साहेबाच्या दृष्टीने सागाचा शत्रू. पण त्याच जंगलखात्याला तोडीसाठी, जाळरेषा साफ ठेवायला, रस्ते करायला माणसं लागत. आपल्याला नको असलेल्या माणसांवाचून आपलंच काम अडतं, हा पेच तेव्हापासूनचा. त्यातून वनग्रामं निघाली. घर करा, थोडी जमीन कसा, त्या बदल्यात बोलावलं की कामावर या. जमिनीची मालकी मात्र खात्याची. उद्या जी गावं ‘जंगलात अतिक्रमण’ म्हणून ओळखली जाणार होती, त्यांतली कित्येक जंगलखात्यानेच वसवलेली होती.

फिरता माणूस एका जागी बांधला गेला की दुष्काळात त्याची सुटण्याची वाट बंद होते. १८९६-९७ आणि १८९९-१९००, तीन वर्षांच्या अंतराने दोन दुष्काळ पडले. साऱ्या वऱ्हाडाची लोकसंख्या १८९१मध्ये सुमारे २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१मध्ये २७ लाख ५४ हजारांवर आली. शंभरामागे पाच माणसं कमी. त्याच दहा वर्षांत मेळघाट तालुका सुमारे ४७ हजारांवरून ३७ हजारांच्या आत घसरला. शंभरामागे बावीस. यातले सगळेच मेले असं नव्हे. काही खाली उतरले, काही तापीपार गेले. उरलेले साडेतीनशेपेक्षा कमी गावांत विखुरलेले, सरासरीने गावाला शंभर-सव्वाशे माणसं. एका चौरस मैलात चोवीस, वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्यापेक्षा विरळ.

मग इथली गावं संपत गेली असतील, असं वाटेल. झालं उलट. जुना मेळघाट तालुका आता धारणी आणि चिखलदरा असा दोन तालुक्यांत वाटला गेला आहे. हद्दी थोड्याफार बदलल्या असतील, पण २०११मध्ये या दोन तालुक्यांत मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं होती. एकशे दहा वर्षांत आठपट. त्याच काळात आजच्या हद्दीतला भारत साधारण पाचपट झाला. म्हणजे मेळघाट देशापेक्षा वेगाने वाढला. फिरती शेती सुटली, धारणीसारखं बाजारगाव मोठं झालं, जंगलकामाला माणसं येत राहिली. तरीही महाराष्ट्रात सरासरी एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसं असताना इथे ती संख्या ७५च्या जवळ घुटमळते.

या वाढीला एक दुखरी बाजू आहे आणि मेळघाट हे नाव महाराष्ट्राला तिच्यामुळेच पाठ झालं. १९९३मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांतून झळकल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, मंत्र्यांचे दौरे झाले. त्याच्या किती तरी आधी, १९८०च्या दशकात, डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला जाऊन राहिले होते, डॉ. स्मिता कोल्हे तिथे त्यांना येऊन मिळाल्या. या दाम्पत्याला २०१९ साली पद्मश्री मिळाली. १९९८पासून धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ ही संस्था काम करते. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की मधली गावं तुटतात, शेतातलं पीक हाती आलेलं नसतं, घरात धान्य संपत आलेलं असतं. बालमृत्यूंचा आकडा त्याच महिन्यांत वर जातो. मोजणीत जन्म आणि मृत्यू दोन्ही आले तर कुपोषणाचा हिशेब लागतो, हे इथे काम करणाऱ्यांनी सरकारला वारंवार सांगितलं आहे. जन्मलेलं मूल नोंदीत येण्याआधीच गेलं, तर कागदोपत्री ते गेलंही नाही आणि आलंही नाही.

आता वैराट.

चिखलदऱ्याच्या पुढचं हे टोक ११७८ मीटर उंचीचं, मेळघाटातलं सर्वांत उंच. खालच्या दऱ्यांत साग, वर पठार आणि गवत, गुरांसाठी उत्तम. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातलं एकच होतं, मेळघाट. १९७४ साली त्याची घोषणा झाली. पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं आणि वैराट नेमकं त्याच्या पोटात आलं. राष्ट्रीय उद्यानात चराई नाही, शेती नाही, लाकूडफाटा नाही. मग तिथे राहायचं कशावर? गाव उठवायला बुलडोझर लागला नाही, एवढं पुरेसं होतं.

आधी २००१ ते २००३च्या दरम्यान कुंड, बोरी आणि कोहा ही गावं अकोटच्या बाजूला हलवली गेली. २००६ साली कायदा बदलला, वाघाच्या गाभाक्षेत्रातून पुनर्वसन ‘स्वेच्छेने’ व्हावं असं ठरलं, आणि २००८पासून केंद्राने कुटुंबामागे दहा लाख रुपये जाहीर केले. २०२१मध्ये ते पंधरा लाख झाले. मग वैराट गेलं, चुर्णी गेलं, पस्तलाई गेलं. अकोटकडची धारगड, अमोणा, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा अशी नावंही यादीत लागली.

या योजनेतली सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे कुटुंब मोजायची रीत. अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब. अठरावरची अविवाहित मुलगी वेगळी. विधवा, घटस्फोटिता, अपंग व्यक्ती, अनाथ मूल हेही वेगवेगळे. एका छपराखाली राहणारं, एका चुलीवर जेवणारं घर या मोजणीत तीन-चार कुटुंबांचं होऊ शकत होतं. नियम उदार आहे, यात शंका नाही. पण ज्या गावात जन्मतारीख म्हणजे ‘त्या साली मोठा पाऊस झाला होता’ एवढीच असते, तिथे ठरावीक तारखेला अठरा पुरी झाली की नाही याच्यावर दहा लाख रुपये अवलंबून होते. शाळेचा दाखला असलेला आणि नसलेला, असे दोन भाऊ दोन वेगळ्या नशिबांचे झाले.

रोख दहा लाख घेऊन खाली उतरलेल्यांपैकी कुणी जमीन घेतली, कुणी मोटारसायकल, कुणाचे पैसे बँकेतून काढून देणाऱ्यानेच लाटले. शाळा, दवाखाना, रस्ता जवळ आला, हे खरं. मोह, सरपण, गुरांचा चारा, नाल्यातले मासे यांना आता पैसे मोजावे लागले, हेही खरं. अकोटकडच्या गावांतले लोक सोयी मिळाल्या नाहीत म्हणून जुन्या जागेवर परत गेले आणि जानेवारी २०१९मध्ये तिथे वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. ‘स्वेच्छा’ हा शब्द त्या दिवसापुरता तरी कुणालाच वापरता आला नसता.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. वैराट आणि चुर्णीच्या शेतांवर गवत वाढलं, ते चरायला सांबर आणि रानगवे आले, आणि जिथे सावज तिथे वाघ. वन्यजीव अभ्यासक ही गवताळ रानं मेळघाटाचं मोठं यश मानतात आणि ते चूक म्हणता येत नाही. प्रश्न उरतो तो तुलनेचा. त्याच पठारावर काचेच्या स्कायवॉकची योजना आखली जाते, सिडकोला नियोजनाचं काम दिलं जातं, शनिवार-रविवारी शेकडो मोटारी चढतात. गोऱ्यांनी हौसेने वसवलेलं गाव वाढवायचं आणि गुरांवर जगणारं गाव खाली आणायचं, हे दोन्ही निर्णय एकाच पठारासाठी, थोड्याच वर्षांच्या अंतराने झाले.

जगात बाकी ठिकाणी डोंगरातली गावं रिकामी होतात ती बहुतेक कुणी न उठवता. क्रोएशियाचंच उदाहरण घ्या. झाग्रेब आणि समुद्र यांच्यामधला गोर्स्की कोतार हा जंगलांचा डोंगराळ भाग आणि त्याच्या दक्षिणेचा लिका प्रांत कित्येक दशकं ओसरत आहे. १९९१ ते १९९५ युद्ध झालं, २०१३मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि तरुणांना जर्मनी, आयर्लंड खुलं झालं. २०११मध्ये देशाची लोकसंख्या ४२ लाख ८५ हजार होती, २०२१मध्ये ती ३८ लाख ७२ हजार उरली. तिथल्या जनगणनेच्या यादीत अशी गावं आहेत की ज्यांच्या नावापुढे रहिवासी शून्य असतात, तरी नाव खोडत नाहीत. उत्तरेतल्या लेग्राद या गावाने तर ओस घरं एका कुनाला, म्हणजे आपल्या दहा-बारा रुपयांना, विकायला काढली. आपल्याकडे उत्तराखंडने २०१७ साली याच दुखण्यासाठी पलायन आयोग नेमला. तिथे म्हातारी माणसं उरतात आणि दारं बंद होत जातात. मेळघाटात तसं नाही. इथे पोरंबाळं भरपूर आहेत, घरंही आहेत. माणसं मात्र वर्षातले काही महिने तिथे नसतात.

दिवाळीच्या आगेमागे डोंगरातलं पीक निघालं की हातात काम उरत नाही. मग परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, अकोट, अमरावती. हरभऱ्याची सोंगणी, संत्र्याच्या बागा, वीटभट्ट्या, इमारतींची बांधकामं. नवरा-बायको दोघं जातात, लहान मूल पाठीशी असतं, मोठं हंगामी वसतिगृहात ठेवलं तर ठेवलं. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलेलं हरिसाल याच पट्ट्यातलं. इंटरनेट आलं म्हणून पोटासाठी खाली उतरणं थांबलं नाही. अकोला-खांडवा ही मीटरगेज गाडी धूळघाटच्या वेटोळ्यावरून या मजुरांना ने-आण करी. रुंदीकरणासाठी २०१७च्या सुरुवातीला ती बंद झाली, आणि नवा मार्ग वाघांच्या जंगलाबाहेरून न्यायचं ठरलं. धूळघाटच्या लोकांना आता जीप आणि एसटी.

परतण्याचा दिवस ठरलेला असतो, होळीचा. कोरकूंचा हा वर्षातला सर्वांत मोठा सण, पाच दिवस चालणारा. मेघनाथाची पूजा, गादली-सुसून नाच, रस्त्यात दोर बांधून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून फगवा. मालकाने कितीही उचल दिली, कितीही रागावला, तरी होळीला कोरकू मजूर कामावर थांबत नाही, हे वऱ्हाडातला प्रत्येक शेतकरी आणि ठेकेदार जाणतो. तेवढ्या आठवड्यात मेळघाटातलं गाव खरं भरलेलं असतं.

आणि जनगणना? २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, १ मार्च हा संदर्भदिनांक धरून. नियम असा की त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो त्या गावचा म्हणून मोजायचा नाही; जिथे सापडेल तिथे मोजायचा. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. दर्यापूरच्या वीटभट्टीवरची कोरकू जोडपी नियमाप्रमाणे दर्यापूर तालुक्याच्या आकड्यात गेली, निदान प्रगणक तिथवर पोचला असेल तर. कुलूपबंद घरापुढे त्यांच्या गावातल्या मास्तरांनी काय लिहायचं ते लिहिलं. रेशनचा कोटा, अंगणवाडी, उपकेंद्र, शाळेतले शिक्षक, आदिवासी उपयोजनेचा पैसा, हे सारं पुढची दहा वर्षं, आणि प्रत्यक्षात त्याहूनही जास्त, याच आकड्यांवर बेतलं गेलं, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक जाहीर झाला आहे: १ मार्च २०२७. माहिती मोबाइलवर भरली जाईल आणि ज्याला हवं त्याला स्वतःची नोंद स्वतः करता येईल, अशी सोय आहे. मेळघाटातल्या कित्येक गावांत अजून धड नेटवर्क लागत नाही. २०२७ची होळी २२ मार्चच्या सुमारास आहे.